थोरली आणि धाकटी

आमच्या बाईंना दोन पोटऱ्या होत्या आणि दोघींना नावं होती. डाव्या पायाची थोरली, उजव्या पायाची धाकटी. थोरली भरलेली, गोल, कामाची. धाकटी लहानपणीच्या तापात वाळली ती वाळलीच. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सरळ, मनगटाएवढी. बाई दोघींविषयी इतक्या सहज बोलायच्या की नव्या माणसाला वाटावं, घरात यांच्या आणखी दोन बहिणी राहतात. "थोरली भागलीय आज. धाकटी नुसती मिरवत आली," असं म्हणत त्या शाळेतून यायच्या आणि दारातच चपला काढून भिंतीला हात लावून उभ्या राहायच्या.

मी कळंबला कापसाच्या जिनिंग सोसायटीत कारकून म्हणून लागले तेव्हाची ही गोष्ट. एकट्या मुलीला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. ज्याच्या त्याच्या घरात लग्नाचे मुलगे होते, आणि जिथे मुलगे नव्हते तिथे सासवा होत्या. बाईंनी दार उघडलं, माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. खाली पायांकडे पाहिलं, बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "लई चाललेले दिसतात. या आत." भाडं, जात, गाव, काही विचारलं नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात सोपी मुलाखत तीच.

घरात बाई आणि त्यांची आई, दोघीच. वडील बाईंच्या लहानपणीच गेलेले. बाहेरच्या खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, मधल्या खोलीत चूल आणि बाजेवर आईचं अंथरूण, आणि अंगणाकडची खोली माझी. बाई कन्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. बाकीच्या शाळांतल्या मुली घागर, पपई आणि उगवता सूर्य काढायच्या. बाईंच्या शाळेतल्या मुली पाय काढायच्या. शेजारणीचे, भाजीवालीचे, शाळेच्या शिपायाचे. एकदा तपासणीला आलेले साहेब भिंतीवरचं प्रदर्शन पाहून गोंधळले. "बाई, यांची तोंडं कुठं आहेत?" त्यांनी विचारलं. "तोंडं आपण रोजच बघतो की, साहेब," बाई म्हणाल्या. साहेबांनी शेरा काय मारला ते कळलं नाही, पण जाताना ते स्वतःच्या बुटांकडे बघत गेले.

हे पायांचं वेड त्यांना बहात्तरच्या दुष्काळात लागलं. तेव्हा त्यांच्या गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं होतं. आई डोक्यावर मातीची पाटी घेऊन बांध चढायची. बाईंना ओझं झेपायचं नाही, म्हणून मुकादमानं त्यांना बांधाच्या पायथ्याशी बायकांची तान्ही पोरं सांभाळायला बसवलं. तिथून त्यांना दिसायचे ते फक्त पाय. वर सगळी धूळ. त्या धुळीत माणसं कमरेपासून विरघळून गेलेली, आणि खाली पाय तेवढे चढतायत, उतरतायत. बाई हे सांगायला लागल्या की त्यांचा आवाज खाली यायचा आणि डोळे अर्धे मिटायचे. "दिवसभर बघत बसायची गं मी. झोप लागल्यासारखं व्हायचं. मग नुसत्या पोटऱ्या बघून ओळखायला लागले, ही कोण, ती कोण. आईची पोटरी तर डोळे मिटून सांगितली असती. बांध चढताना तिच्यात अशी एक गाठ उठायची, आंब्याच्या कोयीसारखी." आणि मग जागं झाल्यासारखं करून, "चहा ठेव की, कापूसवाली," म्हणायच्या.

कापूसवाली म्हणजे मी. या नावामागे बाईंचा स्वार्थ होता. धाकटीसाठी त्यांनी एक उशी शिवली होती. जुन्या मलमलीची, पोटरीच्या आकाराची, आत रुई भरलेली. ती गुडघ्यापर्यंतच्या लांब पायमोज्यात घालून त्या रोज सकाळी चढवायच्या आणि घरी आल्या की आधी उतरवून खुंटीला लटकवायच्या. दर वर्षी नव्या हंगामाची रुई तिच्यात भरायची, तीही पहिल्या वेचणीच्या कापसाची. मी जिनिंगमध्ये लागल्यावर ही कामगिरी माझ्यावर आली. मी पदरात लपवून मूठभर रुई आणायची आणि बाई ती उजेडाकडे धरून बोटांनी ओढून बघायच्या, सोनार सोनं बघतो तसं. ज्या वर्षी पावसानं दडी मारली, त्या वर्षी बोंडं बोराएवढीच राहिली आणि रुई आखूड, कचऱ्याची निघाली. बाई म्हणाल्या, "दुष्काळ पडला की धाकटी पैली वाळती बघ."

मी एकदा चेष्टेनं विचारलं, "बाई, तुम्ही पाचवारी नेसता. आत उशी हाय का न्हाय, कोण बघतंय?"

"म्या बघते की," बाई म्हणाल्या.

या उशीपायी त्यांचं लग्न मोडलं होतं, आणि ती हकीकत त्या स्वतःच हसत हसत सांगायच्या. आमच्याकडे मुलगी बघायला आले की तिला चालायला लावतात, आणि पाहुण्यांतली एखादी म्हातारी हळूच लुगड्याचा काठ वर करून पायही बघते. बाईंना बघायला भूमहून पाहुणे आले. बाई पोहे घेऊन चालत आल्या, बसल्या, नाव-गाव सांगितलं. मुलाच्या आत्यानं काठ उचलला. तोवर चालण्यामुळे उशी घसरून घोट्यापर्यंत आली होती. "अगं बाई, पोरीच्या घोट्याला हे गळू कसलं आलंय?" आत्याबाई ओरडल्या. बाई शांतपणे म्हणाल्या, "गळू न्हाय ते, पोटरी हाय. खाली उतरलीय जरा." पाहुणे पोहे टाकून गेले. बाईंनी ते पोहे बसून खाल्ले आणि पुन्हा कुणासमोर चालून दाखवायचं नाही असं ठरवलं. हसता हसता मी त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा त्याही हसत होत्या, पण उजव्या हातानं साडीचा काठ खाली ओढत होत्या.

सकाळी चहा घेताना त्या स्वप्नं सांगायच्या. त्यांच्या स्वप्नांत धाकटी एकटीच फिरायची. "काल धाकटी सोनारीला जाऊन आली. देवळापुढं माकडं बसली व्हती सगळी, तिला बघून सरकली अन् जागा दिली." किंवा, "काल धाकटी पाण्यात उतरली व्हती. गुडघ्याएवढं पाणी. मासं येऊन येऊन बघून जात व्हते." पाण्याचं स्वप्न त्यांना वरचेवर पडायचं. कारण साधं होतं. बाई कधी पाण्यात उतरल्याच नव्हत्या. उशी भिजते. आणि उशी काढून चारचौघींत पाय उघडे टाकायचे, हे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं वाटायचं. आईनं पाट्या वाहून बांधलेला तो तलाव पुढे भरला, गावच्या बायका लुगडी खोचून त्यात धुणी धुवायला लागल्या. बाई सुट्टीत गावी गेल्या की काठावर उभ्या राहून बघायच्या, कोरड्या. त्यांना आयुष्यात एवढंच हवं होतं. साडी गुडघ्यापर्यंत खोचून, बाकीच्या बायकांसारखं त्या पाण्यात उतरायचं.

आणि त्याच्या आड कोण येत होतं? त्यांची आई. जगातली सगळ्यात मायाळू बाई.

लेकीला ताप चढला त्या दिवशी आई दुसऱ्याच्या खळ्यावर होती. दिवेलागणीला घरी आली तर पोरीचा पाय उचलेना. तेव्हापासून रोज दिवेलागणीला आई वाटीत करडईचं तेल कोमट करायची आणि लेकीची धाकटी मांडीवर घेऊन चोळत बसायची. मी त्या घरात गेले तेव्हा बाईंच्या केसांत पांढरे आले होते, तरी हा नेम चुकला नव्हता. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण हाताला सगळं दिसायचं. अंगठे घोट्यापासून वर, गुडघ्यापर्यंत, परत खाली. चोळता चोळता ती स्वतःशीच बोलायची, "भरतीय. परवापासून जरा भरल्यावानी लागतीय." बाई डोळे मिटून पडून राहायच्या. त्या घरात दिवसभर कितीही कटकट झालेली असो, त्या वेळी सगळं निवून जायचं. अंगणात उजेड मऊ व्हायचा, तेलाचा वास सुटायचा, आणि मीसुद्धा माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन उगाच बसायची. मला माझ्या घरी असं कुणी कधी चोळलं नव्हतं. मला हेवा वाटायचा, हे सांगायला लाज कशाची?

मग गावात लहान मुलांच्या पोलिओचं शिबिर झालं. मुंबईचे डॉक्टर आले होते. बाई शाळेतल्या दोन मुलींना घेऊन गेल्या आणि मुलींचं झाल्यावर स्वतःचा पाय पुढे केला. डॉक्टरांनी सांगितलं की आता ताकद यायची नाही, चालण्यातली लचक जायची नाही. पण परदेशात शिकून आलेले एक सर्जन आहेत; ते गुडघ्यामागे छोटीशी चीर देऊन पोटरीत एक मऊ पिशवी बसवतात, सिलिकॉनची. ती आतच राहते. बाहेरून पाय भरलेला दिसतो.

"भिजली तर?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरांना प्रश्नच कळला नाही.

शाळेत ही बातमी फुटली. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, रोज अंबाड्यात गजरा घालून यायच्या. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "लंगडणं जाणार का?"

"न्हाय."

"मग कशाला चिरून घेता पाय? नुसतं दिसण्यासाठी?"

"तुम्ही गजरा घालता तो केसांना बळ येतं म्हणून का, बाई?" आमच्या बाई म्हणाल्या. मोठ्या बाई दोन दिवस गजऱ्याशिवाय आल्या.

मोठ्या बाईंना उत्तर देणं सोपं होतं. आईला सांगायचं कसं? बाईंनी एका संध्याकाळी धाकटी आईच्या मांडीवर असतानाच सांगितलं. आईचे अंगठे थांबले. मग पुन्हा सुरू झाले, जरा जास्त जोरात. "अजून जरा चोळू की," आई म्हणाली. "भरतीय ती. घाई कशाला करतीस माय? म्या हाय की." ऑपरेशन करायचं म्हणजे आईला सांगायचं की इतकी वर्षं तू जे चोळलंस त्याचा काही उपयोग झाला नाही. ते त्यांच्या तोंडून निघेना. शिबिराच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं त्या सर्जनचं नाव बाईंनी डब्यात ठेवून दिलं आणि विषय मिटला. सकाळी चहाला स्वप्नं यायची तीही बंद झाली. मी विचारलं, तर म्हणाल्या, "धाकटी कुठंच जात न्हाय आजकाल."

वर्षभर असंच गेलं. मग स्नेहसंमेलनाचे दिवस आले. बाई पडदे रंगवून, मुलींना साड्या नेसवून अर्धमेल्या व्हायच्या. त्या दिवशी त्या घरी आल्या ते थेट बाजेवर आडव्या झाल्या आणि झोपल्या. कधी नव्हे ती उशी उतरवायची राहिली. लाइट गेली होती. आईनं तेलाची वाटी आणली, चाचपडत बाजेशी बसली आणि रोजच्यासारखा साडीवरून हात ठेवला.

मला तो आवाज अजून ऐकू येतो. "भरली!" आई ओरडली. "अगं भरली! माझी पोर भरली! ए कापूसवाली, ये गं, बघ, हात लाव!" ती उठली, तेलाची वाटी लवंडली, तशीच दारात गेली आणि शेजारणींना हाका मारायला लागली. वय विसरून, मोतीबिंदू विसरून ती अंगणात नाचायची तेवढी बाकी होती. बाई दचकून उठून बसल्या. मी कंदील घेऊन आले. उजेडात बाईंनी आईकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे पाहिलं आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं. आई परत आली, लुगड्याला हात पुसत. तिनं साडी जरा वर केली, आणि तिच्या बोटांना पायमोज्याचं सूत लागलं.

आई खाली बसली. आम्ही तिघी कंदिलाभोवती बसून राहिलो, शेजारीण दारातून डोकावून "काय झालं?" म्हणाली आणि मीच "काही नाही" म्हणून तिला घालवलं. मला रडू आवरत नव्हतं. बाई आईच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या, जणू आईच लेक होती.

मग आई म्हणाली, "कर जा ते आपरेशन."

"नको आई. ऱ्हाऊ दे."

"कर म्हणते न्हवं? त्या घटकेला माझ्या हाताला कसं लागलं, तुला काय सांगू. मरायच्या आधी एकदा तसं खरं लागू दे."

उन्हाळ्याच्या सुट्टीत बाई त्यांच्या मावसभावाबरोबर मुंबईला गेल्या. मी आईपाशी राहिले. ते दिवस मला स्वप्नातल्यासारखे आठवतात. ऊन, बंद दारं, जिनिंगमधून उडून आलेली रुई अंगणात तरंगत असायची, खाली उतरायचं तिच्या मनातच नसायचं. दिवेलागणीला आई उठायची, सवयीनं तेल कोमट करायची, वाटी हातात घेऊन बाजेकडे बघायची आणि तेल परत बाटलीत ओतायची. मी म्हटलं, "मावशी, माझे चोळा." तिनं हसून माझ्या गालाला हात लावला, पण चोळले नाहीत.

बाई आल्या त्या पायाला पट्ट्या बांधून, काठी घेऊन. पुढे पट्ट्या निघाल्या. आणि खरंच, धाकटी भरली होती. फार नाही, थोरलीच्या जवळपास. पण गोल, सलग, ओळखू न येणारी. बाई उन्हात बसून तिच्याकडे बघत राहायच्या. चालताना लचकायच्या पूर्वीसारख्याच. मी म्हटलं, "छान दिसतेय हो, बाई," तर लाजल्या. पस्तिशीच्या बाईला मी पहिल्यांदाच लाजताना पाहिलं.

पण डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. चोळायचं नाही. दाबायचं नाही. तेल-मालिश कायमचं बंद.

बाईंनी ते आईला सांगितलं तेव्हा आई "बरं" म्हणाली. एकदा तिनं तळहात नुसता टेकवला, तान्ह्या पोराच्या टाळूवर टेकवावा तसा, आणि लगेच काढून घेतला. "व्हय. भरलीय," म्हणाली. पुन्हा हात लावायला ती धजेना. "फुटंल गं," म्हणायची. बाईंनी कितीदा सांगितलं की हात ठेवल्यानं काही होत नाही. आई मान हलवायची आणि हात पदराखाली घ्यायची. दिवेलागणीला ती आता अंगणात जाऊन बसायची, एकटी. मला वाटलं, बाईंना हवं ते मिळालं आणि आईचं होतं ते गेलं. बाईंनाही तेच वाटत असणार, कारण पाय बरा झाला तरी त्या तलावाचं नाव काढेनात.

शेवटी दिवाळीनंतर मीच धोशा लावला. एका रविवारी आम्ही तिघी एसटीनं त्यांच्या गावी गेलो. त्या वर्षी तलाव भरला होता. बांधावर गवत वाढलं होतं, काठाला बायकांची धुणी चालली होती. बाई बराच वेळ उभ्या राहिल्या. मग साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि पाण्यात उतरल्या. घोटे बुडाले, मग धाकटी बुडाली, थोरली बुडाली. एका बाईनं वर पाहून "कवा आलात?" विचारलं आणि पुन्हा कपडे आपटायला लागली. दुसरीनं साबण मागितला. बस्स. बाई माझ्याकडे वळल्या तेव्हा त्यांचं तोंड उजळून निघालं होतं.

"कुणी बघितलंसुदिक न्हाय गं," त्या म्हणाल्या.

दिवस कलेपर्यंत त्या पाण्यात होत्या. बायका धुणी घेऊन गेल्या. आई काठावरच्या दगडावर बसली होती, तिच्याच डोक्यावरून आलेल्या मातीच्या बांधाला टेकून. तिच्या पिशवीतून तेलाची बाटली डोकावत होती. मी बघितलं तर म्हणाली, "सवयीनं आली बग ती." बाई बाहेर आल्या, आईशेजारी बसल्या. वेळ तीच होती, दिवेलागणीची. आईचा हात उचलला गेला, धाकटीपर्यंत गेला, थांबला आणि मागे फिरला.

बाईंनी ते पाहिलं. त्या दगडावर वळून बसल्या आणि डावा पाय, ओला, आईच्या मांडीवर ठेवला.

"ही तर धडधाकट हाय," आई म्हणाली. "हिला काय झालंय?"

"कायबी न्हाय. जन्मभर दोघींचं हिनंच वागवलं, आई. हिला कुणी कधी हात लावला न्हाय."

आई थोरलीकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिनं ती पोटरी खरोखरच कधी बघितली नव्हती. मग तिनं बाटली उघडली, हातावर तेल घेतलं आणि अंगठे घोट्यापासून वर नेले. निम्म्यावर अंगठे अडले. आत गाठ होती, आंब्याच्या कोयीएवढी, दगडासारखी. आईनं ती दाबली तशा बाई "आई गं!" म्हणून कळवळल्या, आणि कळवळता कळवळता रडायला लागल्या.

आईनं हात थांबवला नाही. "दुखत व्हतं," ती म्हणाली, "तर सांगायचं न्हाय व्हय, माय?"